मायच्या सुरीचा कोन

गुरुवारी खोकं आलं तेव्हा रंजनाबाई दारापुढच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि हेमकांतभाऊ कुरिअरवाल्याची वाट पाहत येरझारा घालत होते. खोकं हातात पडताच त्यांनी ते कानाशी धरून हलवून पाहिलं. आतून लोखंडाचा भरीव आवाज आला आणि भाऊंचा चेहरा असा काही उजळला की रंजनाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. हा चेहरा त्यांनी यापूर्वी एकदा पाहिला होता, भाऊंनी घरचा पंखा स्वतः दुरुस्त करायला खोलला तेव्हा. तो पंखा अजून माळ्यावर आहे, तीन पिशव्यांत.

"हाई काय मांगाडं आते?"

"सुऱ्यास्ले धार लावानं यंत्र शे."

"यंत्र? धार लावाले?" रंजनाबाईंनी दारातल्या पायरीकडे हनुवटी उडवली. "मंग हाई पायरी काय मरी गयी का?"

पायरी काही मेली नव्हती. तळोद्याच्या त्या गल्लीत भाऊंचं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं झालं, आत पांढरी फरशी आली, ओट्यालाही चकचकीत फरशी आली. पण दारातली ही काळ्या दगडाची पायरी मायने, म्हणजे भाऊंच्या आईने, तापीबाईने, कुणाला हलवू दिली नाही. "मी मरसू तवय लाव तुन्ही फरशी," असं तिने गवंड्यासमोर सुनावलं होतं. माय गेल्या हिवाळ्यात गेली. फरशीवाला त्यानंतर दोनदा विचारून गेला आणि दोन्ही वेळा भाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पायरीच्या उजव्या कडेला एक खोलगट खाच पडलेली होती. आयुष्यभर माय तिथेच बसून सुरी घासायची.

आणि यंत्राचं सगळं कारण ती सुरीच होती. ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेली, बाभळीच्या मुठीची, वापरून काळी पडलेली आणि घासून घासून चंद्रकोरीसारखी झिजलेली. मायचं दिवसकार्य झालं तेव्हा भाऊंची बहीण कामिनी म्हणाली होती, "मले पाटल्या नको, लुगडं नको. मले मायनी सुरी दी द्या." मागणी लहान होती, पण सुरी रंजनाबाईंच्या हातात रुळलेली. लग्न होऊन आल्यावर पहिला कांदा त्यांनी तिनेच चिरला होता. म्हणून मग दसरा होऊ दे, दिवाळी होऊ दे असं करत त्यांनी वर्ष काढलं. शेवटी गेल्या आठवड्यात फोनवर त्या म्हणाल्या, "ये वं पुढला रविवारे. भरीत करसूत. सुरी लई जाय तुन्ही."

भाऊंनी तेव्हाच ठरवलं की माहेरची शेवटची वस्तू बहिणीच्या हातात बोथट द्यायची नाही. पण मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. माय होती तोवर कामिनी सासरहून, खापर गावाहून जीप पकडून पंधरवड्याला यायची. वर्षभरात ती दोनदाच आली, तेही सुरीचं विचारायला. सुरी नेली की पुन्हा कशासाठी येणार? हा विचार भाऊंना झोपू देत नसे. मग ते मोबाईल उघडून धार लावण्याचे व्हिडिओ पाहत बसायचे. माणूस असाच असतो, दुखतं एकीकडे आणि शेकतो भलतीकडे.

यंत्र मात्र खरंच देखणं होतं. एका बाजूला चिमटा, त्यात पातं धरायचं. दुसऱ्या बाजूला उभा खांब, खांबातून निघालेली दांडी आणि दांडीला दगडाची पट्टी. खांबावरचा स्क्रू हव्या त्या अंशावर आवळला, की दगड कितीही पुढेमागे फिरवा, कोन म्हणून बदलत नाही. शिवाय पात्याला चुंबकाने चिकटणारी, कोन आकड्यांत दाखवणारी एक चिमुकली डबी. भाऊ भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या शेतांची मोजणी केली, गल्ली त्यांना मोजणीभाऊच म्हणायची. कोनात केसभर चुकलं तर शेताच्या दुसऱ्या टोकाला बांध हातभर सरकतो आणि दोन भाऊ कुऱ्हाडी काढतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. अशा माणसाच्या हातात कोनाचं यंत्र पडल्यावर काय होणार!

"पंधरा अंश," ते डबीकडे पाहत पुटपुटले. "ना सव्वापंधरा, ना पावणेपंधरा."

आधी सराव म्हणून त्यांनी घरातल्या स्टीलच्या सुऱ्या घेतल्या. खरखरीत दगड, मग मऊ, मग आरशासारखा. तासाभराने त्यांनी सकाळचा पेपर उभा धरला आणि वरून सुरी नुसती सोडली. पेपर आवाज न करता दोन झाला. मग चार झाला. मग भाऊंना राहवेना.

"ओ, मन्हं राशिभविष्य कोठे शे?" रंजनाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ओट्यावर पेपरच्या फिती लोळत होत्या.

"आठेच व्हतं..." भाऊंनी एक फीत उचलली. "हाई देख. 'आज सावध राहावे. विशेषतः' इतलंच शे."

"विशेषतः काय?"

"ते मंगनी फीतवर गयं."

"मले माहीत शे काय व्हतं ते," रंजनाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवून आत गेल्या.

समोरच्या घरातून हबीब हे सगळं पाहत होता. हबीबचा गाद्या-रजयांचा धंदा, आणि भाऊंशी दोस्ती चड्डीत असल्यापासूनची. दोघांनी मिळून मायच्या हातच्या कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून याच पायरीवर खाल्लेल्या. तो रस्ता ओलांडून आला, फीत उचलून पाहिली, सुरी उचलून पाहिली आणि शीळ घातली.

"अरे यार, हाई त कमाल शे! थांब, मन्ह्या घरना सुऱ्या लई येस. अख्तर रोज मन्हं डोकं खास, टमाटा कापात नही म्हणीसन."

हबीबला एखादी गोष्ट आवडली की ती गल्लीला कळायला वेळ लागत नसे. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या फुलवंताबाई पदराखाली सुऱ्या घेऊन आल्या. त्यांच्या मागे आणखी कुणी, त्यांच्या मागे आणखी कुणी. शुक्रवार दिवसभर भाऊंचा ओटा म्हणजे लोहाराची शाळाच झाली होती. भाऊ जेवण विसरले, दुपारची झोप विसरले. प्रत्येक सुरी परत देताना ते न चुकता म्हणायचे, "पंधरा अंश शे बरं. कोन जपजो." आणि बायका कौतुकाने मान हलवायच्या. निवृत्त झाल्यापासून भाऊंचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

आता इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या लोकांनी हे यंत्र बनवलं, त्यांच्याकडे भाजी लाकडी फळीवर ठेवतात, वरून सुरी चालवतात आणि बोटं लांब ठेवतात. आपल्याकडे बाई फळी शोधायला कशाला जाईल? डाव्या हातात कांदा, उजव्या हातात सुरी आणि सुरीच्या पुढे उजव्याच हाताचा अंगठा. कांद्यातून आरपार आलेली सुरी त्या अंगठ्यावर येऊन थांबते. आई करायची, आजी करायची, आणि चिरता चिरता समोरच्या बाईशी बोलायचीही. हे जमतं, कारण सुरी बेताचीच धारदार असते. कांद्याला पुरते, अंगठ्याला पुरत नाही. अंगठ्यावर उमटतात त्या नुसत्या बारीक काळ्या रेघा. हा सगळा हिशेब भाऊंच्या पंधरा अंशांत कुठेच नव्हता.

शनिवारी सकाळी हबीबच्या बायकोने, अख्तरबानोने, त्याच्या डब्यासाठी पहिला कांदा हातात घेतला आणि सुरी कांद्यातून अशी निघाली, जणू कांदा नव्हताच. ती थांबली अंगठ्यावर, म्हणजे थांबली नाही. त्याच सुमारास फुलवंताबाईंच्या घरून "ओ माय वं!" ऐकू आलं. मग पलीकडून. मग मागच्या बोळातून. कुणी हळद दाबली, कुणी चिंधी गुंडाळली. जखमा तशा किरकोळच, पण गल्लीत एक अंगठा धड राहिला नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण शनिवार रेशनचा दिवस होता.

भिलाभाऊच्या रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आहे. अंगठा ठेवला, मशीनने ओळखलं, की गहू-तांदूळ मिळतो. त्या दिवशी रांगेतली पहिली बाई आली ती अंगठ्याला पांढरी पट्टी बांधून. दुसरीही. भिलाभाऊने मान वर करून रांग पाहिली तर शेवटपर्यंत पट्ट्याच पट्ट्या.

"काय व्हयनं वं माय? गल्लीमा मारामारी व्हयनी का?"

"तू गहू दे ना," फुलवंताबाई म्हणाल्या.

"कसा देऊ? पट्टीना ठसा घेत नही ते. दुसरं बोट ठेव."

दुसरी बोटं ठेवून झाली. पण ती भांडी घासून आणि कपाशी वेचून केव्हाच गुळगुळीत झालेली. मशीन दरवेळी लाल दिवा लावून नको म्हणायचं. कुणी पट्टी सोडून अंगठा ठेवला, तर मशीनला नवी आडवी रेघ ओळखू येईना. भिलाभाऊ हात जोडून म्हणाला, "भरी येऊ द्या जखम. मंग या."

आणि तेवढ्यात रंजनाबाईंचा नंबर आला. त्यांनी अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला.

रांगेतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. रंजनाबाईंचा अंगठा धड होता, कारण त्या घरी अजून मायचीच सुरी वापरत होत्या. पण हे कुणाला समजावणार?

"व्वा," फुलवंताबाई म्हणाल्या. "मोजणीभाऊनी बायकोना आंगठा बराबर वाचाडी ठेवा!"

इकडे घरी भाऊंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रंजनाबाई रेशनला गेल्या ही संधी साधून त्यांनी मायची सुरी यंत्राला लावली होती. "मायनी सुरीले हात लावू नका" असं त्या बजावून गेल्या होत्या, पण भाऊंना बहिणीसमोर ती झगमगीत काढायची होती. अडचण एकच, सुरी चिमट्यात बसेना. पोटाशी खोल झिजलेली, एका बाजूने चपटी, दुसरीकडून फुगीर. भाऊंनी खाली पुठ्ठा घातला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, चिमटा कचकचून आवळला आणि सर्वांत खरखरीत दगड काढला. काळा रंग निघत गेला. खालून कोरं लोखंड चमकू लागलं. भाऊ घामाघूम झाले, पण डबीवर शेवटी मुठीपासून टोकापर्यंत पंधरा आकडा स्थिर झाला. त्यांनी सुरी उन्हात धरली. भिंतीवर उजेडाची तिरीप नाचली.

आणि त्यांना गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या. सगळ्या याच घराकडे येत होत्या आणि सगळ्यांनी अंगठे वर केले होते.

भाऊंचा ऊर भरून आला. गल्ली इतकी खूष होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी सुरी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचा अंगठा वर केला आणि हसले.

"हासस!" फुलवंताबाई ओरडल्या. "देख, देख, वरतीन हासी ऱ्हायना तो!"

पुढचा अर्धा तास भाऊंच्या आयुष्यातला फार वाईट गेला. मोजणीत दोन्ही बाजूंचे शेतकरी एकदम अंगावर आल्याचा अनुभव त्यांना होता, पण तेव्हा हातात निदान सरकारी कागद असायचा. इथे त्यांनी कोन समजवायला तोंड उघडलं आणि अख्तरबानो म्हणाली, "भाईजान, कोन राहू द्या. मन्हा तांदूळ कधी मियी ते सांगा."

रंजनाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्या भांडायलाच आल्या होत्या, पण त्यांची नजर भाऊंच्या हाताकडे गेली.

"हाई सुरी कोनी शे?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. भाऊंनी सुरी पुढे केली. मग रंजनाबाईंनी बाभळीची मूठ ओळखली. त्या गव्हाची पिशवी उचलून आत गेल्या. बायकांनाही काहीतरी कळलं असावं, कारण गर्दी हळूहळू पांगली. भाऊंनी सुरी कपड्याने पुसायला घेतली आणि त्यांचाही अंगठा कापला.

रंजनाबाईंनी ताट वाढलं, पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत. भाऊंनी संध्याकाळी कामिनीला फोन लावला. नको येऊ म्हणून सांगायचं होतं, पण ती आधीच बोलू लागली.

"भाऊ, मायनी सुरी नीट कपडामा गुंडाळी ठेव बरं. मी आठ दिनपाईन एकच गोट आठवी ऱ्हायनू. माय कैरी कापे आन मी समोर बसू. एक फोड लोणचाले, एक मन्हा हातमा. आठवस का तुले?"

"आठवस ना," भाऊ म्हणाले. पुढचं त्यांना सांगवलं नाही.

रविवारी उजाडता उजाडता भाऊ उठले. रात्रभर त्यांनी एकच विचार केला होता. धार लावता येते, तर घालवताही येत असेल. गल्लीचं जे व्हायचं ते झालं, पण कामिनीचा अंगठा या सुरीने कापला तर जन्मभर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. त्यांनी पायरीवर तांब्याभर पाणी ओतलं, उकिडवे बसले आणि सुरी दगडावर टेकवली.

टेकवली ती खाचेत गेली. भाऊंनी ठरवून नेली नव्हती, हात आपोआप तिकडे गेला. झिजलेलं पोट खाचेच्या पोटाला असं लागलं, जसं जुनं झाकण जुन्या डब्याला बसतं. काल त्यांनी किती पुठ्ठे आणि ट्यूब कोंबली होती! त्यांनी सुरी ओढली. झर्र, खस्स. पुन्हा ओढली. झर्र, खस्स.

भाऊंचा हात थांबला. हा आवाज त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता. शाळेत असताना हाच त्यांचा गजर होता. चूल पेटवण्याआधी माय इथे बसायची, झर्र खस्स सुरू व्हायचं, आणि आवाज थांबला की हाक यायची, "हेमू, ऊठ रे भो, उजाडी गयं." अंथरुणात पडून ते आवाज थांबू नये म्हणून देवाला विनवायचे. आता थांबला होता आणि हाक येत नव्हती. भाऊंनी नाक ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि घाईघाईने पुन्हा घासायला लागले.

"धार लावाले मशीन आन बोथी कराले पायरी!" समोरून हबीब दात घासता घासता म्हणाला. "लोके उलटं करतस रे!"

"गप बस. चेष्टा नको करू."

हबीब गप बसला नाही, पण तोंड धुऊन जवळ येऊन मात्र बसला. थोडा वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अरे, हाऊ त मायना आवाज शे."

"हा ना!"

भाऊंमधला मोजणीवाला काही केल्या मरत नव्हता. त्यांनी खिशातून ती चुंबकाची डबी काढली आणि पात्याला चिकटवली. मुठीपाशी एक आकडा, पोटाशी दुसरा, टोकाशी तिसराच. एरवी भाऊंनी अशी मोजणी फाडून फेकली असती. पण ते पुन्हा घासू लागले आणि पुन्हा पाहिलं. मुठीपाशी तोच आकडा, पोटाशी तोच, टोकाशी तोच. चार वेळा पाहिलं, चारही वेळा तेच. हात कसाही चालवा, खाच सुरीला तिच्या जागेवर घेऊन जात होती. मायने यंत्र करूनच ठेवलं होतं, फक्त ते खोक्यात येत नव्हतं.

दार करकरलं. रंजनाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, केस मोकळे, पदर खांद्यावर कसाबसा.

"मले वाटनं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "मले झोपमा वाटनं, माय बसनी शे."

त्यांचे डोळे भरून आले. भाऊंचेही आले. हबीबने आपल्याला दुकान उघडायचंय असं जाहीर केलं, पण जागचा हलला नाही. मग रंजनाबाईंनी पदराने तोंड पुसलं, सुरी घेतली, स्वतःच्या अंगठ्यावर धार हलकेच टेकवून पाहिली.

"जरासंक आखो घासा," त्या म्हणाल्या. कालपासूनचं ते पहिलं वाक्य. "आन रंगनं मी देखस. चमकाई टाकी बिचारीले! त्या टोपलामाधला बठ्ठा वांगा हाईच सुरीघाई चिरा तुम्ही."

भरताच्या हिरव्या वांग्यांना भाजण्याआधी चिरा द्यायच्या असतात. भाऊंनी टोपलीभर वांग्यांना त्या सुरीने चिरा दिल्या. वांग्याचं पाणी लागलं तशी लोखंडावर आधी राखाडी, मग जांभळट, मग काळपट झाक चढत गेली. दुपारपर्यंत सुरी पुरती मायची नाही, पण मायच्या ओळखीची दिसू लागली होती.

कामिनी आली ती जीपमधून उतरल्या उतरल्या हसायलाच लागली. गल्लीच्या तोंडापासून दिसेल त्या बाईच्या अंगठ्याला पट्टी, दारात उभ्या भावाच्या अंगठ्यालाही पट्टी. "काय, आंगठासना उपास शे का आठे?" तिने विचारलं. हकीकत हबीबने सांगितली, तिखट-मीठ लावून. ऐकून कामिनी पायरीवर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली. "कांदा मी चिरस," म्हणत कामिनीने सुरी घेतली. भाऊ, रंजनाबाई, हबीब, तिघेही श्वास रोखून तिच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. सुरी कांद्यातून आली आणि अंगठ्यावर येऊन थांबली. कामिनी बोलत होती, चिरत होती. मग एकाएकी बोलायची थांबली. तिने अंगठा डोळ्यांसमोर धरला. त्यावर एक बारीक काळी रेघ उमटली होती.

"मायना आंगठा असाच व्हता," ती म्हणाली. "भिलाभाऊना मशीनमा तिना आंगठा कधीच लागना नही. आठवस का, भाऊ? तू किती चिडे तिनावर."

भाऊंना आठवत होतं. त्यांनी मान खाली घालून भरीत कालवायला घेतलं.

जेवणं झाली. निघायच्या वेळी रंजनाबाईंनी सुरी कपड्यात गुंडाळून कामिनीच्या पुढ्यात ठेवली. हातात दिली नाही, सुरी हातोहात दिली की भांडण होतं असं माय म्हणायची. कामिनी ती घेऊन पायरीवर गेली, खाचेत दोनदा ओढली, झर्र, खस्स. मग उठली आणि सुरी पुन्हा रंजनाबाईंसमोर ठेवली.

"आठेच ऱ्हाऊ दे वहिनी. लई जाईसन काय करू? हिनी धार त हाई दगडमा शे. खापरले नेसू त चार महिनामा मरी जाई ती."

रंजनाबाईंनी सुरी इतक्या पटकन उचलली की भाऊंना हसू आलं. पण ते हसू लगेच मावळलं. आता तर विचारायलाही काही उरलं नाही. आता ही कशाला येणार?

कामिनीचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेलं होतं. "तेच का ते यंत्र? मले देस का? तुन्हा काय कामनं आते?"

"कामिनी, ते जराखं..." भाऊंनी सुरुवात केली, आणि रंजनाबाईंनी मागून त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की यंत्राचा चिमटा लाजावा.

"लई जाय वं माय, लई जाय," त्या म्हणाल्या. "तुन्हाशी जास्ती शे का?"

"फळीवर काप बरं!" जीप हलली तेव्हा भाऊ मागून ओरडले. "हातमा नको कापू!" पण जीपच्या आवाजात ते कुणालाही ऐकू गेलं नाही. खोकं गेलेलं पाहून फुलवंताबाईंनी दारातून हात हलवला, हबीबने तर टाळ्या वाजवल्या. भाऊ बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी फरशीवाल्याला फोन केला आणि पायरीला फरशी लावायची नाही, पुन्हा विचारायचंही नाही, असं सांगितलं.

गल्लीतले अंगठे भरून आले, भिलाभाऊचं मशीन पुन्हा हिरवं झालं, रेशन मिळालं. अख्तरबानोसकट सगळ्याजणी एकेक करून भाऊंच्या पायरीवर सुऱ्या घासून गेल्या. आणि एके दुपारी भाऊंचा फोन वाजला.

"भाऊ," कामिनीचा आवाज दबका होता. "मन्ही सासूना आंगठा कापाई गया."

"अरे द्येवा!"

"आन जेठानीना. आन आजूबाजूना बठ्ठासना. मीच हौस करीसन धार लाई दिधी सगळासले. आते आठेबी मशीन आंगठा घेत नही. बठ्या बाया दारमा उभ्या शेतस." "मी रविवारे येस. सगळ्या सुऱ्या गोणपाटमा बांधीसन लई येस. तू पायरी धोई ठेव."

भाऊंनी दाराकडे पाहिलं. पायरीवर ऊन आलं होतं आणि रंजनाबाई सुरी घेऊन, अंगठा पुढे करून, समोरच्या अख्तरबानोशी बोलता बोलता गवार चिरत होत्या. भाऊंनी घसा खाकरला आणि मोजणीच्या वेळचा जुना सरकारी आवाज काढला.

"बठ्या सुऱ्या एकदम नको लई येऊ," ते म्हणाले. "इतला घाई घाईमा कोन बिघडी जास. दर येळे दोनच लई ये."